जमीन लागते

आमच्या जतकडे 'लागणे' हा फार चांगला शब्द. नोकरी लागते, लॉटरी लागते, घरकुलाच्या यादीत नंबर लागतो. बोअरला पाणी लागलं की गाव त्या दारात पेढे खायला जातं. त्यामुळे अठ्ठ्याण्णव साली, लग्न होऊन मालवणच्या किनाऱ्यावर आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, विहिरीवर एका म्हाताऱ्या मासेवालीने माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "सांभाळून रव गो बाय. ह्या घरातल्या बापयांका जमीन लागता," तेव्हा मी मनातून नाचले. बापये म्हणजे पुरुष, एवढं तोवर कळायला लागलं होतं. ह्या घरातल्या पुरुषांना जमीन लागते! मी तिच्या पाया पडले. ती माझ्याकडे चमकून बघत राहिली.

मी सहावीत शाळा सोडलेली बाई आहे. माझ्या बापाच्या कुठल्याच पिढीत कुणाच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं. कोकण रेल्वेचं काम निघालं तेव्हा आम्ही सगळं बिऱ्हाड घेऊन कणकवलीजवळ पत्र्याच्या शेडीत राहायला आलो. बाप बोगद्यात दगड फोडायचा, आई आणि मी खडी वाहायचो. पावसाळ्यात दर्या बंद असला, म्हणजे होड्या वर ओढून ठेवलेल्या असल्या, की किनाऱ्यावरचे काही गडी लाइनीवर मजुरीला यायचे. त्यांच्यात आमचे हे होते. माझ्याशी चार शब्दांच्या वर कधी बोलले नव्हते. एक दिवस त्यांची आईच आमच्या शेडीत आली. हातात नारळ आणि सुक्या बांगड्यांची पिशवी.

बाप म्हणाला, "बाई, आमची जात येगळी, आमी घाटावरची मानसं. हुंड्याला आमच्याकडं काय बी न्हाई."

ती म्हणाली, "माका जात नको, हुंडो नको. चेडू व्हया." नुसती मुलगी हवी होती तिला.

बापाला वाटलं, देव भेटला. मलाही वाटलं. पुढे लाइन पुरी झाली, शेड उठली, माणसं ट्रकात चढली. तेव्हा मी आईच्या कानात सांगितलं, "आई, ह्यांच्या घरात गड्यांना जमीन लागती." आई ट्रकात उभी राहून रडायची थांबली. म्हणाली, "सरकारी?" मी म्हटलं, "तसंच असंल." ती तेवढं शिदोरीसारखं बांधून गावी घेऊन गेली.

दुसऱ्या पावसाळ्यात मी ह्यांना विचारलं, "आपली जमीन कुठं हाय? कधी लागायची?"

हे आधी इतके हसले, की हातातलं जाळं विणायचं दाभण खाली पडलं. आईला हाक मारून सांगितलं, "आये, आयक गो आयक! घाटीण जमीन मागता!" सासूबाई हसल्या नाहीत. मग ह्यांचंही हसू उतरलं. अंगणात थोरले भावजी, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, विहिरीकडून कळशी घेऊन येत होते. प्यायलेल्या माणसासारखे पाय फाकून, एक पाऊल इकडे, एक तिकडे. कळशीतलं अर्धं पाणी वाटेत. त्यांनी दारूला आयुष्यात तोंड लावलं नव्हतं. हे म्हणाले, "ती बघ. ती लागली जमीन."

घाटावरच्या माणसाला होडीत बसवलं की बोट लागते, मला लागलीच होती, पहिल्याच फेरीत मी ह्यांच्या पायावर ओकले होते. तशी ह्या घरातल्या माणसांना जमीन लागते. तिशी-पस्तिशीपर्यंत काही नसतं, मग कधीतरी जमीन हलायला लागते. पाय ठरत नाहीत, हात घासापाशी चुकतो, बोलणं तोंडात घोळतं. पूर्वी म्हणत, अशा माणसाला दर्यात पाठवा, होडीत सगळेच झुलतात, तिथे तो बरा असतो. माझे सासरे असेच जात राहिले. एका दुपारी, वारा नाही, लाट नाही, होडीच्या कडेवरून गेले. तेव्हापासून बंदरावरचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, उलटं म्हणायला लागले: ज्याका जमीन लागली तेका जमनीरच ठेवा. अशा माणसाला कुणी होडीत घेत नाही. पण एक रीतही होती. घरच्या माणसाने तो शब्द काढल्याशिवाय बाहेरच्याने तोंडावर काढायचा नाही. कितीही दिसत असलं तरी नाही.

किनाऱ्यावरचा कुठलाही बाप ह्या घरात मुलगी देत नव्हता. सासूबाईंनी मला घाटावरच्या मजुरांतून का मागून नेलं, ते मला त्या दिवशी कळलं.

रागवायला हवं होतं. रागवलेही असेन, पण राग फार टिकला नाही हे मी खरं सांगते. मला ह्या घराने वेगळं ताट दिलं नाही. बाळंतपणात सासूबाईंनी माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन तेल लावलं. टायफॉइड झाला तेव्हा वीस दिवस पेज भरवली. मुलगी झाली तर म्हणाल्या, "लक्ष्मी इली." माझ्या स्वतःच्या आईला माझ्यासाठी एवढा वेळ कधी मिळाला नव्हता. माझ्या मालवणीला सगळं घर हसायचं आणि ते हसणंही मला आवडायचं. जमिनीची गोष्ट तर वाडीभर झाली. मी बंदरावर दिसले की कुणीतरी विचारणारच, "काय वैनी, जमीन लागली काय नाय अजून?" मी पण म्हणायची, "अर्ज केलाय." माझ्यावरचा विनोद होता म्हणून तो चालायचा. त्या शब्दाच्या खाली काय आहे, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दहा वर्षांत भावजी पडवीतल्या खाटेवर बसते झाले. त्यांचं लग्न झालंच नाही. एकदा ते विहिरीवर पडून डोकं फुटलं, त्यांना कणकवलीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने त्यांचे डोळे बराच वेळ बघितले. बोट डावीकडे नेलं की बुबुळं झटके देत जात होती. त्याने विचारलं, "घरात आणखी कुणाला?" आणि कुठल्याशा मोठ्या शहरात पत्र लिहिलं.

अशा रीतीने दोन हजार नऊच्या पावसाळ्यात डॉक्टरीणबाई आमच्या पडवीत आल्या. मुद्दाम दर्या बंद असताना आल्या, म्हणजे पुरुष घरी सापडतात आणि, त्याच म्हणाल्या, दर्यावरून आलेल्या पायांचं झुलणं मध्ये येत नाही.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: आनुवंशिक अटॅक्सिया. सासूबाई म्हणाल्या, "अ‍ॅटॅक छातीत येता. ह्यो पायात कसो इलो?" बाई हसल्या आणि समजावून सांगत बसल्या. घाई नव्हती त्यांना. म्हणाल्या, डोक्याच्या मागे लहान मेंदू असतो, तोल तो सांभाळतो. ह्या आजारात तो झिजतो. आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला, मुलीलासुद्धा, निम्मी शक्यता. पण त्यांना नुसतं झिजणं बघायचं नव्हतं. माणूस गप्प पडलेला असतानाही मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात, कोण कोणाशी किती बोलतं ते त्यांना मशीनमध्ये बघायचं होतं. आजारात आधी कुणाचं बोलणं तुटतं, तेही.

"म्हणजे गजाली," सासूबाई म्हणाल्या. "मेंदवात गजाली चलतत."

"गजाली म्हणजे?"

मी सांगितलं, "गप्पा. अंगणात बसून मारतात त्या."

बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला. त्यानंतर त्या भावकीतल्या प्रत्येक घरात तसंच सांगायच्या, आणि मालवणी-मराठी जुळवायला मी त्यांच्याबरोबर. आपल्यासारख्या बाईला कुणी खुर्ची देऊन विचारतंय, तुम्हाला काय वाटतं, ह्या गोष्टीचं मला इतकं अप्रूप होतं, की भीती त्याच्या मागे दडून राहिली. बाईंनी कागदावर घराण्याचं झाड काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला आजार त्याचा चौकोन काळा भरायचा, जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ. सासऱ्यांचा काळा, रेघेचा. भावजींचा काळा. आमच्या ह्यांचा पांढरा. त्याला आडव्या रेघेने जोडलेला माझा गोल, वर काहीच नाही, जसा हवेत लटकलेला. खाली माझ्या मुलीचा.

बाई म्हणाल्या, "तुम्हीही या अभ्यासात. आम्हाला तुलनेला माणसं लागतात. याच हवापाण्यातली, याच घरात जेवणारी, पण या रक्ताची नाहीत अशी."

मी हो म्हटलं. अकरा वर्षांपूर्वी एक बाई नारळ घेऊन हेच मागायला आली होती, ते मला रात्री अंथरुणावर पडेपर्यंत सुचलं नाही.

आता जे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगते.

आदल्या वर्षापासून आमच्या ह्यांचं दाभण जाळ्याच्या डोळ्यात पहिल्या खेपेला जात नव्हतं. चहा बशीत ओतताना धार बशीच्या कडेवर पडायची. विहिरीच्या पायऱ्या उतरताना बोटं भिंतीला लावायचे, सहज लावल्यासारखी. मी बघतेय हे कळलं की म्हणायचे, "चार दिस दर्यात होतंय. झुलतलंय मा." मीही मानायची. दर्यावरचा माणूस जमिनीवर झुलतोच, अख्खं बंदर झुलतं. त्यात एक माणूस वेगळा झुलतोय हे ओळखायला बायकोच पाहिजे. पण दर्या बंद होऊन दीड महिना झाला, होडी माडांच्या सावलीत उपडी पडली होती, आणि बोटं अजून भिंतीवरच होती.

ज्या दिवशी बाई सगळ्यांना सरळ रेषेत चालवून बघणार होत्या, टाचेला टाच लावून, त्या सकाळी हे स्वयंपाकघरात आले. "हळद उगाळ. पाय मुरगाळलो."

मी पायाकडे बघितलं. सूज नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हळद उगाळली. लेप लावला, वर फडकं बांधलं. माझ्या हातांनी.

पडवीत बाईंनी भावजींना तपासलं, मला चालवलं, मी रेषेवर नीट गेले, सासूबाई म्हणाल्या, "घाटीण तारेवरसून चलात." ह्यांची पाळी आली तेव्हा हे हसत पाय पुढे करून दाखवत म्हणाले, "पुढच्या खेपेक, बाई." बाईंनी फडक्याकडे पाहिलं. वहीत काहीतरी लिहिलं. चौकोन पांढराच राहिला.

नंतर मशीनसाठी शहरात जायचं होतं. कणकवलीहून आम्ही गाडीत बसलो: भावजी, हे, मी. भावजींना दोघांनी धरून चढवलं. प्रत्येक बोगद्यात मी मनात हात जोडले. त्यातला बापाचा कुठला ते मला सांगता आलं नसतं.

मशीनही बोगद्यासारखंच. डोकं दोन्हीकडून स्पंजने आवळलं, कानात बोळे, समोर एक अधिकचं चिन्ह. बाई म्हणाल्या, "चिन्हाकडे बघत राहायचं. झोपायचं नाही, हलायचं नाही. मुद्दाम कसलाच विचार करायचा नाही. मेंदूला त्याचं त्याचं बोलू द्यायचं." मग मशीन ठोकायला लागलं. बाप दगडात पहार मारतोय असा आवाज.

मी काय बोलू दिलं मेंदूला? नारळी पौर्णिमेला बारा दिवस राहिले होते. त्या दिवशी दर्याला नारळ देतात आणि होड्या पाण्यात जातात. बारा दिवसांनी हे जाणार. मी आत पडल्या पडल्या फक्त होडीची कड बघत होते. पाय कडेवर, पाय कडेवर नाही. पाय कडेवर, पाय कडेवर नाही. डोळ्यांतून पाणी कानात उतरलं, पुसायला हात हलवायचा नव्हता. मी हलले नाही.

बाहेर आले आणि बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "माझा नमुना टाकून द्या. मी विचार करत होते. खूप केला."

"सगळेच करतात. चालतं."

"वाईट विचार होता."

त्या थांबल्या. मग मी सगळं ओकले. दाभण, बशी, भिंत, हळद. म्हटलं, "पाय मुरगळला नव्हता. मीच लेप लावला."

"मला संशय होता," बाई म्हणाल्या. "पाय मुरगळलेला माणूस लंगडतो. झुलत नाही."

"मग सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. मशीनमध्ये दिसलंय असं सांगा."

"मशीनमधल्या चित्रावरून एका माणसाचं सांगता येत नाही. खूप माणसांची चित्रं एकत्र ठेवू तेव्हा काही कळेल, तेही वर्षांनी. एका माणसाचं सांगायला रक्ताची तपासणी आहे. ती त्यांनी मागितली तर करू."

"मी मागते."

"तुम्हाला नाही मागता येत."

"मी बायको आहे त्यांची!"

"तरीही. आपल्याला काय झालंय ते ज्याचं त्याने विचारायचं असतं. काही माणसांना नको असतं कळायला, आणि तो त्यांचा हक्क आहे." मग माझा हात धरून म्हणाल्या, "दर्यावर जाणं धोक्याचं आहे एवढं मी त्यांना सांगेन. अंदाजाने. निदान म्हणून नाही."

त्यांनी सांगितलंही. हे म्हणाले, "दर्यो कोणाक धोक्याचो नाय, बाई?" सगळे हसले. बाई नाही हसल्या. मला त्यांचा फार राग आला त्या दिवशी, आणि अजून वाटतं, त्या बरोबर होत्या. दोन्ही एकदम वाटतं.

भावजींचं चित्र फुकट गेलं. त्यांची मान थांबत नाही, स्पंज आवळूनही. परतीच्या गाडीत ते घोळत्या जिभेने विचारत राहिले, "माझा काय दिसला?" हे त्यांना समजावत होते, "तुझ्या डोक्यात गजाली जास्त, मशीन दमला." मग खिडकीकडे तोंड करून मला हळूच म्हणाले, "ती बाई म्हणा, विचार करू नको. मी गो काय केलंय सांगू? आपल्या मासळीच्या खडकार जावन इलंय. देवळाचो कळस टेकडीच्या खांद्यार इलो की वळूचा. मगे दोन माड एक झाले की नांगर. एक खूण चुकूक नाय. डोक्यात सगळी वाट आसा."

"पायांत?" मी विचारलं.

त्यांनी तोंड वळवलं नाही. 

त्या बारा दिवसांत मी काय काय केलं! पाया पडले. मुलीची शपथ घातली. जेवले नाही, तर म्हणाले, "उपास कसलो, श्रावणाचो?" सासूबाईंना म्हटलं, तुम्ही सांगा. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "माका ह्या बोलता येणा नाय गो." देवळात गेले, तिथे गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं आणि कळेना, काय मागू. आजार नको म्हणू तर तो आलेला होता. दर्या खवळू दे म्हणू तर त्यात बाकीच्यांचे नवरे.

नारळी पौर्णिमेला बंदरावर सगळी वाडी. होड्यांना पताका, नव्या रंगाचा वास. सोनेरी कागद लावलेला नारळ पाण्यात गेला. ह्यांचा तांडेल होडीत उभा राहून एकेकाला हात देत वर घेत होता. हे कमरेएवढ्या पाण्यात. पाय उचलला, कडेवर टेकायला गेला, कडेच्या बाजूला पडला. हसले. पुन्हा उचलला. पुन्हा चुकला. तांडेलाने बघितलं आणि न बघितल्यासारखं करून हात जरा खाली लांबवला.

मी पाण्यात कधी गेले, मला माहीत नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी होते आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता. "तांडेलानू, ह्यांका जमीन लागली."

नारळाची ओरड चालली होती ती आजूबाजूची थांबली.

तांडेल म्हणाला, "काय म्हणतस, वैनी?"

"लागली. गेल्या वर्सापासून."

हे वळले. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते मला पाठ असलेलं हसू नव्हतं. मोठ्याने म्हणाले, "अरे, ही घाटीण! हिका वाटता जमीन म्हणजे शेत! शब्द चुकलो तिचो."

आणि लोक हसले. काय हसले! अकरा वर्षांचा विनोद तयारच होता. कुणीतरी ओरडलं, "किती गुंठे, वैनी?" तांडेलही हसला, सुटल्यासारखा, आणि त्याने हात पुढे केला. ह्यांनी तो धरला. मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. जो होता तो माझाच विनोद झाला होता. अकरा वर्षं मीच लोकांना त्यावर हसायला शिकवलं होतं.

तेव्हा मागून, कोरड्या वाळूवरून, सासूबाई बोलल्या. ओरडल्या नाहीत. "शब्द चुकूक नाय तिचो."

हसू विझलं.

"तेका लागली जमीन," त्या म्हणाल्या. "मी आवस, तेची आये, सांगतंय."

तांडेलाने हात लगेच सोडला नाही. ह्यांच्या हातात तसाच ठेवून खाली वाकला, कानाशी म्हणाला, "जा रे घराक." मग सोडला.

होडी गेली. हे पाण्यातून वर आले आणि वाळूवरून चालायला लागले, आणि आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून की काय, पाय फाकून, एक पाऊल इकडे, एक तिकडे. दोनदा पडले. पहिल्यांदा मी धावले, तर माझ्याकडे न बघता हात आडवा केला. दुसऱ्यांदा मी धावले नाही.

दोन महिने माझ्याशी एक शब्द नाही. मुलीशी बोलत, भावजींशी बोलत, मांजराशी बोलत. मी ताट वाढलं की ताटाशी बोलत. सकाळी होड्या सुटायच्या वेळेला तोंडावर चादर घ्यायचे. मला वाटायचं, मी ह्या माणसाला वाचवलं की पुरलं? उपकार केलेल्या घराचा मी भर बंदरात बाजार मांडला. आता माझ्या मुलीला कोण मागायला येईल? तिचाही गोल काळा भरायला लागेल का, हा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला.

एकदा सासूबाईंनी जेवताना सुरमईचं डोकं माझ्या ताटात टाकलं. आमच्यात ते ह्यांचं असतं. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "तेच्या बापाशीच्या येळाक माका सगळा दिसत होता. जिभेर येय, भायर पडा नाय. तुझ्या तोंडातसून पडला, कारण तू भायली." मग जरा वेळाने, "खा. निवता."

दसऱ्यानंतर बाई पुन्हा आल्या. मी अंगणात राखेने सरळ रेघ ओढून ठेवली होती, त्यांनी सांगितलं होतं म्हणून. आमचे हे पडवीत बसले होते. कुणी काही म्हणायच्या आधी उठले, रेघेवर उभे राहिले. पायाला फडकं नव्हतं. टाचेला टाच लावली. तिसऱ्या पावलाला डावीकडे गेले, पाचव्याला खांब धरला. खांब धरूनच बाईंना म्हणाले, "माका जमीन लागली. कधीपासून ता माझ्या बायलेक इचारा, तिका तारखेसकट ठावक." आणि मग, दोन महिन्यांनी पहिल्यांदा, माझ्याकडे बघून, "सांग गो. बोलाची तुका सवय आसा."

टोमणाच होता. पण बोलले.

बाईंनी विचारलं, "रक्ताची तपासणी करायची का? तुमची इच्छा असेल तरच."

"करा," हे म्हणाले. "आणि तुमचो कागद काळो करा. पेन्सिलीन नको, शाईन."

बाईंनी तेव्हा काहीच भरलं नाही. रक्त गेलं, दोन महिन्यांनी निरोप आला, तेव्हा ह्यांचा चौकोन भरला. मुलीबद्दल त्या म्हणाल्या, मोठी होऊ दे, तिचं तिला विचारू दे. मी मान हलवली. तिने न विचारावं असं वाटतं, आणि विचारावं असंही. ती उंबऱ्याला ठेचकाळली तरी मी हातातलं टाकून तिच्या पायांकडे बघते.

हे आता एका जुन्या उपड्या होडीच्या सावलीत बसून दुसऱ्यांची जाळी शिवतात, हळूहळू, डोळा चुकला की शिवी देऊन पुन्हा. तांडेल कधी येऊन खडकाची खूण विचारतो. विचारायची त्याला गरज नसते.

माझी आई अजून जतलाच आहे. गावच्या एसटीडीवरून महिन्यातून एकदा फोन करते, शेजारच्या घरी. कसं आहे, पोर कशी आहे, आणि शेवटी, बारा वर्षं न चुकता: "लागली का गं जमीन?" दर वेळी मी म्हणायची, अजून नाही. शब्द समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही. एवढी एकच चांगली बातमी मी तिला ट्रकात बांधून दिली होती.

ह्या खेपेला तिने विचारलं. शेजारीण टीव्ही बघत होती. खिडकीतून हे दिसत होते, भिंत धरून उन्हात येत होते.

मी म्हटलं, "लागली आई."

पलीकडे आईने नाक ओढलं. मग ती रडतेय असं कळलं. म्हणाली, "लई बरं झालं बया. आता त्येनला दर्यावर जायाला नगं."

"नको," मी म्हटलं. "आता नको."